बॅचचे गेट-टुगेदर (मुंबई)

कॉलेज सोडून पंचवीस, तीस, चाळीस वर्षे झालेल्या वर्गसोबत्यांनी एकमेकांना शोधून काढणे, व्हॉट्सॲप ग्रुपवर संपर्क ठेवणे आणि वर्षा-दोन वर्षांनी एकत्र जमणे. माजी विद्यार्थी संघाचा मेळावा याहून वेगळा. तो संस्थेचा असतो, त्यात व्यासपीठ आणि सत्कार आलेच. बॅचचा कारभार दोन-चार हौशी मंडळींवर चालतो आणि त्यांचा बहुतेक वेळ माणसे शोधण्यात जातो.

बॅच कोणती धरायची : पहिला घोळ इथेच होतो. पदवीचे वर्ष धरले, तर बारावीनंतर इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला गेलेले गळतात, आणि मैत्री तर बहुधा त्यांच्याशीच सगळ्यात घट्ट असते. केटी लागून, म्हणजे एखादा विषय सुटायचा राहून, मागे राहिलेले दोन बॅचच्या मध्ये लोंबकळतात. परळ-लालबाग भागात आणखी एक गळती दिसते. १९८२ च्या गिरणी संपात घर कोलमडल्यावर शिक्षण अर्धवट टाकून कामाला लागलेली मुले पदवीच्या कुठल्याच निकालात सापडत नाहीत. म्हणून जाणते आयोजक प्रवेशाचे वर्ष धरतात.

यादी : सुरुवात शेवटच्या वर्षाच्या ग्रुप फोटोपासून आणि कॉलेजच्या वार्षिक अंकांपासून करावी, जुने अंक कॉलेजच्या लायब्ररीत असतात. ऑफिसातल्या जनरल रजिस्टरमधले पत्ते सहसा मिळत नाहीत आणि मिळाले तरी ते तेव्हाचे. गिरगाव-लालबागच्या कित्येक चाळी पाडून टॉवर झाले, माणसे डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. तरीही जुन्या जागी एक फेरी मारावी. पुनर्विकासात मूळ भाडेकरूंना बऱ्याचदा तिथेच घर मिळते आणि तळमजल्यावरच्या नावांच्या बोर्डावर मित्राच्या भावाचे नाव दिसून जाते.

वर्गातल्या मुलींना शोधणे जास्त कठीण. लग्नानंतर आडनाव बदललेले, कित्येक घरांत पहिले नावसुद्धा, त्यामुळे फेसबुकवर काही हाती लागत नाही. माहेरचे कोणी गाठणे हाच खात्रीचा रस्ता. यादीला रकाने पाच : तेव्हाचे नाव, आताचे नाव, तुकडी, टोपणनाव, कोणामार्फत सापडले. टोपणनावाचा रकाना गाळू नये. ‘बारक्या’चे खरे नाव निम्म्या वर्गाला तेव्हाही ठाऊक नव्हते.

नंबर मिळाला की थेट ग्रुपमध्ये टाकायचा नाही. आधी फोन, मग परवानगी. काही जण नको म्हणतात; घरात आजारपण असते, नोकरी गेलेली असते किंवा कॉलेजच्या आठवणीच नकोशा असतात. त्यांना एकदा विचारले तेवढे पुरे.

दिवस आणि जागा : परदेशी असलेल्यांसाठी डिसेंबरचा दुसरा पंधरवडा सोयीचा, पण हॉल बरेच आधी धरावा लागतो. रविवार सगळ्यांना बरा वाटतो आणि तिथेच फसगत होते, कारण मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही तास लोकल बंद. कुठल्या मार्गावर ब्लॉक आहे ते दोन-तीन दिवस आधी कळते, तोवर हॉलचे पैसे भरून झालेले असतात. शनिवार दुपार त्या मानाने सुरक्षित. दादर-माटुंगा पट्टा मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्गांना जवळ, म्हणून उपनगरातल्या कॉलेजांच्या बॅचही तिथेच जमतात. कर्जत-नेरळच्या फार्महाऊसवर मुक्काम ठेवला की घरी म्हातारे आईवडील असलेले आपोआप गळतात. साठीच्या बॅचने हॉल बघायला जाताना लिफ्ट आणि कमोड आधी पाहावा, स्टेज नंतर.

केटररला आकडा वर्गणी भरलेल्यांचाच द्यावा. ग्रुपवर ‘येतो’ लिहिणारे आणि अंगठा दाखवणारे धरले, तर ताटे उरतात आणि पैसे तर मोजावेच लागतात.

कार्यक्रम : जितका कमी तितका बरा. पन्नास जणांनी प्रत्येकी तीन मिनिटे स्वतःची ओळख करून दिली तरी अडीच तास जातात, आणि तीन मिनिटांत थांबणारा विरळा. त्याऐवजी रोल नंबरप्रमाणे हजेरी घ्यावी आणि एकेका वाक्यात हल्लीचा मुक्काम सांगावा. छातीवरच्या बिल्ल्यावर कॉलेजातले नाव चष्म्याशिवाय वाचता येईल एवढे मोठे, आताचे नाव खाली बारीक. डीजे आणि कराओके ठेवू नये. या वयात आधीच कमी ऐकू येते, त्यात लोक बोलायला आलेले असतात. सरांना-बाईंना बोलवायचे तर घरून गाडीने आणावे आणि तासाभराने मोकळे करावे. आपापल्या नवऱ्याला किंवा बायकोला पहिल्या वेळी आणू नये. तुकडी ‘ए’चे जुने किस्से ऐकत ती बिचारी मंडळी खुर्चीत अवघडून बसतात.

ग्रुप : भेटीनंतर महिनाभर जुने फोटो, कॅन्टीन, एकांकिकांच्या तालमी चालतात, मग फॉरवर्ड आणि राजकारण सुरू होते आणि शांत माणसे गुपचूप बाहेर पडतात. त्यावर उपाय म्हणजे दोन ग्रुप : एक फक्त निरोपांचा, जिथे ॲडमिनच लिहू शकतो, दुसरा गप्पांचा. ॲडमिन किमान तीन असावेत. कोणी गेल्याची बातमी घरच्यांशी बोलल्याशिवाय टाकू नये. नामसाधर्म्यामुळे जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली गेल्याचे प्रकार होतात.

पैसे : वर्गणी सगळ्यांना सारखी. एखाद्या सधन मित्राने सगळा खर्च उचलला, की पुढच्या वेळी कमी पगाराचे संकोचून येत नाहीत. ज्याला वर्गणी जड जाते त्याची खजिनदाराने शिल्लकीतून भरावी आणि ते नाव कोणालाही कळू देऊ नये. बाकीचा हिशेब बिलांच्या फोटोंसह आठ दिवसांत ग्रुपवर टाकावा.