‘बाटली गिऱ्हाईक आणतं, मग परवाना कशाला?’

बाटली ग्राहकाची, आपण फक्त ग्लास-सोडा दिला तर हॉटेलला परवाना लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे आणि महागात पडतो. 1949च्या दारूबंदी कायद्याचं कलम 68 पिण्यासाठी जागा उपलब्ध करून देण्यालाच गुन्हा ठरवतं, दारू विकली नसली तरी. पिणाऱ्यांवर कलम 84 लागतं. ग्राहकाच्या खिशातला पिण्याचा परवाना त्याच्यापुरता. तुमच्या टेबलाला तो लागू होत नाही.

कायदेशीर वाट म्हणजे एफएल-३, म्हणजे हॉटेलात बसून पिण्यासाठी दारू देण्याचा परवाना. फक्त बिअर-वाइन द्यायची तर फॉर्म ई हा परवाना. अर्ज राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे, जागेची पाहणी निरीक्षक करतात, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची.

घोटाळा बहुतेकदा नकाशात होतो. परवाना मंजूर नकाशातल्या जागेपुरताच असतो. गच्चीवर चार टेबलं वाढवून तिथे पेग दिला की अटीचा भंग. आधी नकाशा-बदल मंजूर करून घ्या. तसंच रात्री माल संपला म्हणून शेजारच्या वाइन शॉपमधून बाटल्या आणू नका. खरेदी परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच करायची. नूतनीकरण दरवर्षी 31 मार्चपूर्वी.