परातीतलं पाणी आणि हॉलमधला खर्ज

कोथरूडला माझ्या धाकट्या मामेभावाने दिवाळीत सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर, घेतला. तपकीर गल्लीतून केबल आणून तो टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात बसवला आणि सिनेमा लावला. सोफ्यावर बसलं की ढगांचा गडगडाट जवळजवळ गायब. गाणं लागलं की बेसचा एकच सूर फुगून ढुम्म ढुम्म. त्याने आवाजाची खुंटी वाढवली, तर मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अरे, इथे डबे थरथरतायत!" शेवटी त्याचा मला फोन आला, "दादा, पीस खराब लागला बहुतेक."

पीस उत्तम होता. गडबड होती ती हॉलच्या मापात.

परातीत पाणी घेऊन चालताना काय होतं ते आठवा. कडांना पाणी वरखाली उसळतं, मध्यावर पातळी फारशी हलत नाही. खोलीतली हवा असेच हेलकावे खाते, फक्त तिथे पातळीऐवजी दाब वरखाली होतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मामाचा हॉल १७ फूट, म्हणजे ५.२ मीटर लांब. ज्या लहरीची निम्मी लांबी त्यात बसते ती सेकंदाला ३३ कंपनांची, म्हणजे ३३ हर्ट्‌झची. तिचा दाब दोन टोकांच्या भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्याजवळ. मागे डायनिंग टेबल असल्यामुळे सोफा होता नेमका मध्यावर! ६६ हर्ट्‌झची अख्खी लहर हॉलमध्ये बसते, म्हणून तिथे याच्या उलट, मध्यावरच दाब जोरात. म्हणून गडगडाट गेला आणि एक सूर फुगला. मामीचं दार हॉलच्या टोकाला, तिथे दोन्ही भरपूर. आवाज कितीही वाढवला तरी मध्यावरचा खळगा भरत नाही, फक्त टोकं जास्त दणाणतात.

त्यात कोपरा ही सगळ्या लहरींना सारखीच चेतवणारी जागा. शिवाय आपल्याकडच्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती खालचे सूर फारसे शोषत नाहीत, परतवून लावतात. भिंतीवर फोम चिकटवून इथे काही साधत नाही. ४० हर्ट्‌झची लहर साडेआठ मीटरहून लांब असते. तिला पातळ फोम जाणवतही नाही.

मग आम्ही एक जुनी युक्ती केली. सबवूफर उचलून सोफ्यावरच ठेवला, सलग बेस असलेलं गाणं लावलं आणि दोघं भिंतीकडेने रांगत कान लावून ऐकत गेलो. ऐकणाऱ्याची आणि वाजणाऱ्याची जागा अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. जिथे सगळे सूर सारखे वाटले ती जागा लांब भिंतीला, टीव्हीपासून सव्वाचार फुटांवर निघाली. हॉलच्या बरोबर पाव लांबीवर! ६६ हर्ट्‌झच्या लहरीचा दाब तिथेच शून्याजवळ असतो, त्यामुळे तिथून ती चेततच नाही. कागदावरचं गणित आणि कान असे जुळले की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो. सोफाही दीड फूट मागे सरकवला, आणि गडगडाट परत आला.

खुंट्यांना हात लावला तो यानंतर. रिसीव्हरवर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्यावर, क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झ ठेवला, म्हणजे त्याखालचं सबवूफरकडे, वरचं स्पीकरांकडे. सबवूफरवरची क्रॉसओव्हरची खुंटी शेवटपर्यंत फिरवून ठेवली, नाहीतर तोच सूर दोनदा गाळला जातो. आता फेज, म्हणजे दोन्हींच्या लहरींच्या चढउताराचा मेळ. ८० हर्ट्‌झची लहर ४.३ मीटरची. सबवूफर स्पीकरपेक्षा कानापासून सात फूट लांब असला, तर एकाचा पडदा हवा ढकलतो तेव्हा दुसऱ्याची लहर ओढणारी येते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. एकाने सोफ्यावर बसावं, दुसऱ्याने फेजचं बटण ० आणि १८० वर करून बघावं. बेस जिथे भरदार वाटेल ते ठेवावं.

आवाजाची पातळी मात्र नेहमी ऐकतो तेवढ्याच आवाजाला जुळवायची. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं. रात्री हळू लावल्यावर बेस गेला असं वाटून खुंटी फिरवली, तर खालच्या मजल्यावरच्या आजोबांची झोप मोडते. सबवूफरखाली जाड रबर घातल्याने स्लॅबमधून जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा दणका तसाच राहतो. म्हणून दहानंतर मामाकडे सबवूफर बंद असतो.