शुक्राणूंच्या अंगावरची साखर

शुक्राणूंची शर्यत असते, जो जोरात पळतो तो जिंकतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण नुसतं पळून काही होत नाही. बाईच्या शरीरासाठी स्पर्म ही चक्क परकी पेशी आहे. दुसऱ्याची किडनी बसवली तर इम्युनिटी तुटून पडते, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात, मग या कोट्यवधी परक्यांना ती आत सोडतेच कशी?

सहज सोडत नाहीच. योनीतला आंबटपणा वीर्यामुळे काही सेकंदांत उतरतो, पण पुढे गर्भाशयाच्या तोंडाशी न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि सापडतील ते स्पर्म गिळायला लागतात. गर्भनलिकेपर्यंत पोचतात ते फार तर काहीशे.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती त्यांच्या अंगावरची साखर. वृषणाच्या मागे एपिडिडिमिस नावाची नळी असते, बोटभर जागेत वेटोळी घालून बसलेली, उलगडली तर जवळपास 6 मीटर. स्पर्म त्यातून काही दिवस सरकत असतो तेव्हा बीटा-डिफेन्सिन 126 हे प्रोटीन त्याच्या अंगावर चढतं, आणि त्या प्रोटीनला साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात, टोकाला सायलिक ॲसिड नावाची साखर. आपल्या स्वतःच्या पेशींवरही हीच खूण असते. पांढऱ्या पेशीवरचे सिगलेक नावाचे रिसेप्टर ही खूण चाचपतात, ती सापडली की सिगलेकच्या आतल्या शेपटाला फॉस्फेट हा छोटा रासायनिक तुकडा लागतो, तिथे एसएचपी-1 एन्झाइम येऊन बसतं आणि हल्ल्याचा सिग्नल नेणाऱ्या प्रोटीन्सवरचे फॉस्फेट काढून टाकतं, म्हणजे हल्ला थंडावतो. गनोरिया या लैंगिक आजाराचा जंतूसुद्धा आपल्याच शरीरातलं सायलिक ॲसिड अंगाला लावून लपतो!

आपल्याकडे मूल होईना की बाईच्या मागे नवस, उपास, अंगारे लावतात, आणि नवऱ्याचा रिपोर्ट नॉर्मल आला की तो सुटलाच. हे चूक आहे, अन्याय आहे. 2011 साली संशोधकांनी दाखवलं की या प्रोटीनच्या जीनमधली डीएनएची फक्त 2 अक्षरं गळलेली असतात, तीही बऱ्याच पुरुषांत. आईकडून आलेली आणि वडलांकडून आलेली अशा दोन्ही प्रती तशाच असतील तर अंगावरची साखर कमी पडते, गर्भाशयाच्या तोंडाशी असतो तशा चिकट जेलमधून स्पर्म नीट पुढे सरकत नाहीत आणि त्या जोडप्यांना मूल व्हायला जास्त वेळ लागतो. अशा पुरुषांचे स्पर्म मायक्रोस्कोपखाली अगदी ठणठणीत दिसतात. नेहमीच्या सीमेन टेस्टमध्ये काउंट बघतात, हालचाल बघतात, आकार बघतात, ही साखर कोणी बघत नाही.