काठमांडूचं युनिट स्वस्त की इंदूरचं?

इंदूरहून पशुपतिनाथाला जाऊन आलेली मंडळी सांगतात, ‘तिकडे लाइट साडेनऊ रुपये युनिट!’ मग आपलं २०२४-२५चं सव्वापाच-साडेसहाचं युनिट स्वस्त वाटायला लागतं. पण ते साडेनऊ रुपये नेपाळी. १९९३पासून १ भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये असा दर बांधलेला आहे. म्हणून तर तिथले दुकानदार ‘आयसी की एनसी?’, म्हणजे भारतीय चलन की नेपाळी, असं विचारून घेतात. आयसीत ते युनिट सहा रुपयांच्या आतच बसतं.

तरी नुसत्या युनिटच्या दरावरून काही ठरत नाही. एकाच घराचं अख्खं बिल दोन्हीकडे मांडून पाहावं लागतं.

महिन्याला २०० युनिट जाळणारं इंदूरच्या रामबागेतलं घर घ्या. मध्य प्रदेशातल्या २०२४-२५च्या दरांनी पहिली ५० युनिटं ४.२७ने, पुढची १०० युनिटं ५.२३ने, उरलेली ५० युनिटं ६.६१ने, मिळून सुमारे १,०६५ रुपये. काठमांडूत १५ अँपिअरच्या मीटरवर हीच वीज सुमारे १,७३० एनसीला, म्हणजे १,०८० आयसीला पडते. आतापर्यंत बरोबरी.

फरक पडतो तो पुढच्या ओळीत, ‘नियत प्रभार’ म्हणजे स्थिर आकाराच्या रकान्यात. आपल्याकडे १५० युनिटांच्या वर हा आकार वापराबरोबर वाढतो: दर १५ युनिटांमागे ०.१ किलोवॅट भार धरून त्यावर आकार लावतात. शेवटचा अपुरा भाग पूर्ण धरून २०० युनिटांना असे १४ भाग होतात आणि २०२४-२५च्या दरांनी जवळपास पावणेचारशे रुपयांची भर पडते. शिवाय विद्युत शुल्क वेगळं. नेपाळात स्थिर आकार मीटरच्या अँपिअरवर आणि वापराच्या टप्प्यावर ठरतो. या घराला तो शंभर आयसीच्या आत येतो. म्हणजे इथे काठमांडू स्वस्त.

पण शंभर युनिटांत भागवणाऱ्या घराचं गणित उलटं होतं. मध्य प्रदेशातल्या गृहज्योती या वीजसवलतीच्या योजनेत पहिल्या १०० युनिटांना १०० रुपये. काठमांडूत तेवढ्याच विजेला साडेचारशेच्या वर आयसी मोजावे लागतील. मात्र आपल्याकडे महिन्याचा वापर १५० युनिटांच्या वर गेला की सवलत पूर्ण जाते. ही पायरी मला फार अन्यायाची वाटते. एका जास्तीच्या युनिटाने शेकड्यांचा फरक पडावा, हे उन्हाळ्यात कूलर लावणाऱ्या घराला कसं परवडणार? उलट नेपाळात ५ अँपिअरच्या मीटरवर पहिली २० युनिटं फुकट आहेत, फक्त ३० एनसी स्थिर आकार. अगदी गरीब घराला तिथलं बिल आपल्याहून हलकं.

या दरांमागे नद्या आहेत आणि कोळसा आहे. नर्मदेवर इंदिरा सागर, ओंकारेश्वर ही धरणं असूनही आपली बहुतेक वीज कोळशाची, आणि कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. नेपाळची वीज जवळजवळ सगळी पाण्याची. प्रकल्प बांधायला पैसा प्रचंड लागतो, पण पुढे इंधनाचा खर्च नाही. अडचण अशी की तिथले बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, साठा करणारी धरणं नाममात्र. हिवाळ्यात नद्या आटल्या की वीजनिर्मिती कोसळते. काही वर्षांपूर्वी तिथे दिवसाला सोळा-सोळा तास लोडशेडिंग असे. आता बिहारमधलं मुजफ्फरपूर ते नेपाळातलं ढल्केबर या वाहिनीवरून हिवाळ्यात आपली वीज तिकडे जाते, आणि पावसाळ्यात त्यांची जास्तीची इकडे येते. नेपाळने बांगलादेशाला भारतामार्गे ४० मेगावॅट वीज द्यायचा २०२४मध्ये जो करार केला, तोही वर्षभराचा नाही. जूनच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पाच महिन्यांपुरताच.