कौटुंबिक व प्रेमप्रधान कादंबरीचे वाचन (नाशिक)

कुटुंबातील नाती व स्त्री-पुरुषांमधील प्रेम यांवर बेतलेल्या आणि घटनांपेक्षा पात्रांच्या भावजीवनाला महत्त्व देणाऱ्या मराठी कादंबऱ्यांचे वाचन. नाशिकमध्ये त्याला मुख्यतः वाचनालयांचा आधार मिळाला.

या प्रकाराचा प्रारंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (1857) या कादंबरीत हिंदू विधवांची दुःस्थिती हाच विषय असल्याने काही अभ्यासक तिला अग्रमान देतात. मात्र तिची रचना प्रवासात घडणाऱ्या भेटींची आणि हेतू धर्मप्रचाराचा आहे. पात्रे बहुधा दाखल्यापुरती येतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या मुक्तामालेत (1861) पती-पत्नींच्या ताटातुटीचा धागा आहे. पण तेथे योगायोग आणि अद्भुतरम्यतेचा पगडा इतका, की नायिकेच्या मनाला फारसा वाव उरत नाही. ह. ना. आपटे यांनी 1885 पासून मध्यमवर्गीय घर कादंबरीत आणले. करमणूक (1890) या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीमध्ये नायिका यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते: माहेर, सासर, मुंबईतला थोडका सुखाचा संसार आणि वैधव्य. कालक्रमाने पाहता पदमनजींचे स्थान अबाधित आहे. पात्राच्या मनात शिरणे ही कसोटी लावल्यास आपट्यांपासून प्रारंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रथमपुरुषी निवेदन ही पुढील कौटुंबिक कादंबरीची आवडती रीत ठरली, हेही या मताला पोषक आहे.

ना. सी. फडके यांनी प्रेमकथेला तंत्रशुद्ध घाट दिला, तर वि. स. खांडेकरांनी ध्येयवादाची जोड. विभावरी शिरूरकर (मालतीबाई बेडेकर) यांच्या 1933-34 मधील लेखनाने शिकलेल्या स्त्रीची घुसमट उघड मांडली. त्यानंतरच्या काळातील योगिनी जोगळेकर, ज्योत्स्ना देवधर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर इत्यादींच्या कादंबऱ्या वाचनालयांतून हातोहात फिरल्या. समीक्षेने मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही. गौरी देशपांडे व सानिया यांच्या लेखनात लग्नसंस्थेबाहेरची नातीही आली.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय (स्थापना 1840, रूढ नाव ‘सावाना’) यमुनापर्यटनापेक्षा सतरा वर्षांनी जुने, म्हणजे मराठी कादंबरीच्याही आधीचे आहे. त्याच्याच आवारात परशुराम साईखेडकर नाट्यगृह असल्याने कौटुंबिक नाटकाचा प्रेक्षक आणि कादंबरीचा वाचक एकाच दारातून ये-जा करीत आला. येथील हं. प्रा. ठा. (हंसराज प्रागजी ठाकरसी) महाविद्यालयात अध्यापन करणारे वसंत कानेटकर नाटककार म्हणून ख्यातनाम झाले, तरी त्यांची सुरुवात कादंबरीलेखनाने झाली होती. प्रेमा तुझा रंग कसा? या त्यांच्या नाटकात प्रेम आणि घर हे दोन्ही विषय विनोदाच्या अंगाने येतात.

2009 च्या सुमारास कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना नाशिकमध्ये सुरू झाली. पुस्तकांची पेटी एखाद्या सोसायटीतील वा ओळखीच्या वाचकगटाकडे सोपवली जाते, पुस्तके घरोघर फिरतात आणि काही महिन्यांनी ती पेटी दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलून घेतात. वाचनालयापर्यंत जाणे न जमणाऱ्यांची सोय त्यामुळे झाली. पुढे ही योजना महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातील मराठी वाचकांपर्यंत पोहोचली.