काजूची लाल पालवी आणि ढेकण्याचे डाग

पावसाळा सरला की गोव्यातल्या सत्तरी, सांगे, केपे भागातल्या काजूंना तांबूस पालवी फुटते. कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणाऱ्या ढेकण्या या किडीचा सुळसुळाटही याच सुमारास सुरू होतो. लांबून पालवीचे आणि कीड लागलेले, दोन्ही शेंडे सारखेच तांबडे-तपकिरी दिसतात. मग निरोगी झाडावर विनाकारण औषध मारलं जातं किंवा कीड लागलेलं झाड 'पालवीच आहे' म्हणून राहून जातं.

पालवीचा तांबूसपणा पानभर सलग असतो. पान मऊ, चकचकीत, कुठेही ठिपका नाही. हा रंग अँथोसायनिन या लाल रंगद्रव्याचा. हरितद्रव्य अजून भरायचं असतं, ते भरत गेलं की काही आठवड्यांत पान हिरवं होतं. आंबा, जांभूळ, भिरंड (कोकम) यांचंही असंच.

ढेकण्या सोंड खुपसून रस शोषतो. तिथे आधी पाणी भरल्यासारखा ठिपका उमटतो, मग तो तपकिरी आणि शेवटी काळा होतो. पानावरचे डाग कोनाकार, कोवळ्या फांदीवरचे लांबट, आणि फांदीवरच्या डागांतून डिंक येतो. डाग एकमेकांना मिळाले की शेंडा जळल्यासारखा वाळतो. शंका आली तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी शेंडे उलटून पाहा: लालसर अंग, काळं डोकं आणि पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असलेला कीटक सापडला की प्रश्न मिटला.

कोवळं पान लाल का, याची दोन स्पष्टीकरणं आहेत. एक, तीव्र उन्हापासून बचाव. दुसरं, लपणं: पानं खाणाऱ्या अनेक किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे असं पान त्यांना काळपट, वाळकं वाटू शकतं. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. लपण्याचं ठळक उदाहरण न्यूझीलंडच्या लान्सवूड या झाडाचं. त्याच्या रोपांची पानं पाचोळ्यासारखी तपकिरी असतात आणि झाड सुमारे ३ मीटरवर गेलं की हिरवी येतात. तिथला मोआ हा आता नामशेष झालेला प्रचंड पक्षी साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत चरत असे. मोआ कधीच नव्हता त्या न्यूझीलंडच्याच चॅथम बेटांवरच्या लान्सवूडच्या भाऊबंदात हा रंगबदल आढळत नाही.

ढेकण्याला मात्र लाल रंग अडवत नाही. त्याला कोवळा शेंडाच हवा असतो. म्हणून पालवी निरोगी ठरली तरी ती हिरवी होईपर्यंत शेंडे पाहत राहा. नुसता रंगाचाच संशय असेल तर चार-पाच शेंड्यांना दोरा बांधा आणि आठवडाभराने पुन्हा बघा. हिरवेपणा चढत असेल तर औषधाची गरज नाही. डिंक दिसला असेल तर मात्र आठवडाभर थांबू नका.