आरसा घ्यायच्या आधी एकदा वाचा (आमच्या सांगलीच्या काच-आरशाच्या दुकानातून)

गिऱ्हाईक आलं की बहुतेक एकच मागणी असते, पूर्ण माणूस दिसला पाहिजे, सहा फुटी आरसा द्या. आता सहा फुटी विकला तर फायदा आमचाच आहे, पण एवढी काच लागत नाही, आणि का लागत नाही ते काउंटरवर रोज सांगत बसण्यापेक्षा हा कागद छापून घेतला.

प्रकाश आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत फिरतो, कॅरमचा स्ट्रायकर कडेला आपटून येतो तसा. म्हणजे तुमच्या पायाकडून निघालेला प्रकाश डोळ्यात यायचा तर तो आरशावर डोळ्याच्या निम्म्या उंचीवर आपटूनच येणार. डोक्याचंही तेच, डोळे आणि टाळू यांच्या बरोबर मधे. हिशोब केला तर उंचीच्या निम्मा आरसा पूर्ण माणसाला पुरतो.

आणि तुम्ही एक फुटावर उभे राहा नाहीतर दहा फुटांवर, यात काही फरक पडत नाही. मागं सरकलं की पाय दिसतील असं सगळ्यांनाच वाटतं, पण आरसा ओळंब्यात असेल तर नाही दिसत, कारण तुम्ही जेवढे मागं जाता तेवढीच तुमची प्रतिमाही आरशाच्या आत मागं जाते. घरी बेसिनवरच्या आरशात बघा की, शर्टाचं सगळ्यात खालचं जे बटण दिसतंय, दोन पावलं मागं गेल्यावरही तेच शेवटचं राहतं.

आता माप. समजा घरातला उंच माणूस ५ फूट ८ इंच, म्हणजे ६८ इंच, डोळे ६४ इंचांवर. वरची कड ६६ इंचांवर पाहिजे. बाईंची उंची ५ फूट, डोळे ५६ वर, तर खालची कड २८ वर. मग दोघांना मिळून ३८ इंचांचा आरसा झाला, सव्वातीन फूटसुद्धा नाही. साडेतीन फुटी पोरगं असेल आणि त्यालाही बूट बघायचे असतील तर खालची कड १९ इंचांवर न्यावी लागते, तरी चार फुटांच्या आतच बसतं. मात्र लावायची उंची चुकली की मोठा आरसाही वाया, सुतार अंदाजानं ठोकतो आणि मग टाळू कापली जाते.

चष्म्याचं पण सांगतो. प्रतिमा काचेवर नसते, तुम्ही जेवढे पुढे तेवढी ती काचेच्या मागं असते, म्हणून दोन फुटांवरून बघितलं तर डोळ्याला चार फुटांवरचं बघावं लागतं. लांबचा नंबर असलेल्यांना चष्मा काढला की स्वतःचा चेहरा धूसर दिसतो तो यामुळं, आरसा खराब म्हणून परत आणू नका.

सलूनवाल्यांसाठी : आरसा डावं-उजवं करतो म्हणतात, पण बारकाईनं बघा, पूर्वेकडचा हात वर केला तर प्रतिमेचाही पूर्वेकडचाच वर जातो, उलटं होतं ते पुढचं-मागचं. समोरासमोर दोन आरसे लावले की दुसऱ्या आरशातून आलेलं परत सुलटं दिसतं, म्हणून मागं आरसा धरून दाखवला की भांग खरा आहे त्या बाजूला दिसतो. घड्याळ मात्र गिऱ्हाइकाच्या मागच्या भिंतीवर लावू नका, दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात आणि आरशात दोनला दहा कमी दिसतात. समोरासमोरच्या आरशांत आत आत जाल तसं हिरवट होत जातं ते काचेतल्या लोखंडाच्या अंशामुळं, माल हलका म्हणून नाही.

माल तपासायचा असेल तर लांब उभं राहून आरशात दाराची चौकट बघा आणि डोकं हलवा, रेघ वाकडीतिकडी झाली तर काच सपाट नाही. पातळ काच खडबडीत भिंतीवर स्क्रू आवळून बसवली तरी हेच होतं, माणूस एकदा जाड एकदा बारीक. मोबाईलची टॉर्च तिरकी मारली तर मुख्य ठिपक्याशेजारी एक फिका ठिपका दिसेल, तो दोष नाही, काचेचा पुढचा पृष्ठभागही साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो, बाकी काम मागच्या मुलाम्याचं.

हा मुलामाच खरा नाजूक. कडेनं ओल शिरली की काळा पडतो आणि तो पुसून जात नाही, २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून स्प्रे आरशावर नाही, फडक्यावर मारायचा. चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू देऊ नका, मुलामा खातं, न्यूट्रल सिलिकॉन मागा.

येताना घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसाची उंची आणि डोळ्यांची उंची, दोन्ही इंचात लिहून आणा. भिंतीचं माप नंतर बघू.